कायद्याची सक्ती नसताना उद्योगांनी आपणहून सायबर सुरक्षा उभारणे कितपत शक्य आहे?

यंत्रमागधारक (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

आमच्या परिचयातील एका टॉवेल निर्यातदाराच्या परदेशी ग्राहकाला नेहमीसारखेच दिसणारे, परंतु बँक खाते बदललेले बिल ई-मेलने गेले आणि ग्राहकाने त्या खात्यात रक्कम भरूनही टाकली. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही अक्षरे शेजारी शेजारी होती. पडद्यावर ती जोडी हुबेहूब 'एम'सारखी दिसते. रीतसर तक्रार झाली, पण बोभाटा नको म्हणून शेजारच्या कारखान्यांना कोणीही सावध केले नाही.

कारखानदारांनी आपसांत ठरवून सुरक्षेचे किमान नियम पाळावेत आणि असे प्रकार एकमेकांना कळवावेत, असा आमचा विचार आहे. सक्ती नसताना अशी व्यवस्था टिकते का? आणि देशाच्या सुरक्षेत तिची काही गणती होते का?

माहिती तंत्रज्ञान अधिकारी, नागरी सहकारी बँक

गणती निश्चितच होते. जून 2017 मध्ये युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या 'नॉटपेट्या' या विध्वंसक संगणक-विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा ठप्प केली आणि त्याची झळ थेट न्हावा शेवा येथील जेएनपीटीच्या एका टर्मिनलला बसली. ज्या बंदरातून आपला माल जातो, तेथील काम परदेशातील एका खासगी सॉफ्टवेअरच्या दुर्बलतेमुळे अडते, तेव्हा खासगी कारखान्याची सुरक्षा ही केवळ त्याची खासगी बाब राहत नाही.

माहिती वाटून घेण्याचा मार्ग बँकांनी आधीच चोखाळला आहे. अमेरिकेत 1998 च्या अध्यक्षीय निर्देशानंतर वित्तीय संस्थांनी 1999 मध्ये स्वतःचे माहिती-विनिमय केंद्र उभारले. आपल्याकडे हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेने बँकांसाठी 'आयबी-कार्ट' हे असेच केंद्र सुरू केले. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्या प्रकरणात इतर बँकांच्या उपयोगाची बाब रकमेचा आकडा ही नव्हती. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेला बगल देऊन बनावट यंत्रणेने पैसे काढण्यास मंजुरी दिली, ही पद्धत समजणे महत्त्वाचे होते.

म्हणून तुमच्या गटात फसलेल्याचे नाव गाळून केवळ पद्धत, बनावट पत्ता आणि खात्याचा तपशील कळवावा. यासाठी 'ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल' नावाचा संकेत जगभर रूढ आहे. लाल खूण असलेली माहिती समोरच्या व्यक्तीपुरतीच ठेवायची असते, तर हिरवी खूण असलेली माहिती आपल्या व्यवसाय-समूहात सांगता येते, पण जाहीर करता येत नाही.

कर व कायदा सल्लागार

कल्पना स्वागतार्ह आहे, तथापि एक गैरसमज आधी दूर व्हावा. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवणे बंधनकारक असून, त्या यादीत बनावट ई-मेलद्वारे होणारी फसवणूकही येते. लघु व मध्यम उद्योगांना हे निर्देश 25 सप्टेंबर 2022 पासून लागू झाले. त्यामुळे शेजाऱ्याला सांगितले म्हणजे सरकारला कळवण्याची जबाबदारी संपली, असे कोणीही मानू नये.

निव्वळ सदिच्छेवर अशी व्यवस्था फार काळ टिकेल, असे मला वाटत नाही. ब्रिटनने 2014 मध्ये 'सायबर इसेन्शियल्स' ही ऐच्छिक योजना आणली आणि फायरवॉल, यंत्रणेची सुरक्षित मांडणी, वापराचे अधिकार, विषाणू-प्रतिबंध व वेळच्या वेळी अद्यतन अशा पाच गोष्टींवरच भर दिला. मात्र त्याच वर्षी काही सरकारी कंत्राटांसाठी तिचे प्रमाणपत्र आवश्यकही केले. गिऱ्हाईक मागू लागले की ऐच्छिक गोष्टीला वजन येते. आपल्या मोठ्या निर्यातदारांनी डाइंग हाऊस आणि जॉबवर्क करणाऱ्यांकडे अशी अपेक्षा जरूर ठेवावी, पण तिचा खर्च त्यांच्याच माथी मारू नये. चार यंत्रमागांच्या मालकाला तो झेपणार नाही आणि तो कागदोपत्री होकार देऊन मोकळा होईल.

संगणक देखभाल व्यावसायिक

कारखान्यांत मला वारंवार दिसणारे चित्र असे, की हिशेबाचा बॅकअप घेतलेली हार्ड डिस्क त्याच संगणकाला कायमची जोडलेली असते. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर विषाणू शिरला, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच जातात. 'वॉनाक्राय' या अशाच विषाणूने मे 2017 मध्ये जे छिद्र वापरले, ते बुजवणारे अद्यतन मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. जॅकार्डची, म्हणजे नक्षीदार विणकामाची, डिझाइन करणारा संगणक जुना असल्याने बदलता येत नसेल, तर किमान तो इंटरनेटपासून वेगळा ठेवावा. सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'वर विषाणू काढण्याची साधने विनामूल्य मिळतात.

यंत्रमागधारक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बँक खाते बदलल्याचे पत्र आल्यास जुन्या, माहितीतल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री केल्याशिवाय रक्कम न पाठवणे, हा पहिला नियम आम्ही ठरवत आहोत आणि तो परदेशी ग्राहकांनाही लेखी कळवू. मात्र एक अडचण उरते. आमचे सभासद एकमेकांचे स्पर्धक आहेत. नाव गाळले तरी तपशिलावरून कारखाना ओळखू येईल, ही त्यांची भीती रास्त आहे. हे तपशील प्रथम कोणाच्या हाती द्यावेत?

माहिती तंत्रज्ञान अधिकारी, नागरी सहकारी बँक

स्वतः माल न विकणाऱ्या माणसाच्या हाती द्यावेत. संघटनेचा पगारी सचिव किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील संगणक विभागाचे प्राध्यापक, यांपैकी कोणीही चालेल. फक्त गोपनीयतेचा लेखी करार पहिली घटना कळवली जाण्यापूर्वी झालेला असावा.