अनुभव धागा: "जिंकले असतील, पण नशिबाने!"

काल पॉटलकला एकाने आमच्या मेट्सवरून (न्यूयॉर्कची बेसबॉल टीम) असं काही नाक मुरडलं की गुलाबजाम कडू लागला. म्हणून हा धागा. समोरच्या टीमच्या मॅनेजरने, कोचने, नाहीतर त्यांच्या एखाद्या भक्ताने तुमच्या टीमचं यश धुडकावून लावलंय आणि तुम्ही पेटलाय, असं झालं असेल तर लिहा.

सुरुवात मीच करते. १९९९ साली आम्ही ब्रुकलिनमध्ये एका आजोबांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. ते कट्टर मेट्सवाले, कारण ब्रुकलिनची स्वतःची टीम, डॉजर्स, १९५७ नंतर लॉस एंजेलिसला गेली तो राग त्यांचा कधी गेलाच नाही. पण त्याहून जुना राग बिल टेरीवर, आणि तो वडिलोपार्जित! टेरी न्यूयॉर्क जायंट्सचा मॅनेजर, १९३३ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची फायनल, जिंकलेला. १९३४ च्या जानेवारीत पत्रकारांनी त्याला ब्रुकलिनबद्दल विचारलं तर म्हणे, ब्रुकलिन अजून लीगमध्ये आहे का? झालं. ब्रुकलिनची टीम खरंच यथातथाच होती हो, शेवटी सहावी आली. पण सप्टेंबरच्या सुरुवातीला सात गेमने पुढे असलेले जायंट्स घसरत घसरत सेंट लुइसच्या बरोबरीला आले आणि शेवटच्या दोन मॅचेस कोणाशी? ब्रुकलिनशी! आजोबांचे वडील पोलो ग्राउंड्सवर गेले होते, लोकांनी फलक आणलेले, आम्ही अजून लीगमध्ये आहोत म्हणून. पहिली ५-१ ने मारली, दुसरी दहा इनिंग्जमध्ये ८-५. पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद, गेलं सेंट लुइसला. आजोबा हे सांगताना प्रत्येक वेळी टेबलावर हात आपटायचे, चहा सांडायचा, आजी ओरडायच्या. स्वतःला काही मिळालं नाही पण त्याला मिळू दिलं नाही, ही गोष्ट त्या माणसाने साठ-पासष्ट वर्षं जपलेली.

मिनेसोटाचा गारठा

ताई, मस्तच. माझं २००६ चं. मी तेव्हा मिनियापोलिसमध्ये स्टुडंट, खिशात पैसे नाहीत, मेट्रोडोमची वरची सीट स्वस्त म्हणून जायचो, नाहीतर बेसबॉल कोणाला कळत होता. शिकागो व्हाइट सॉक्सचा मॅनेजर ओझी गियेन, आदल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलेला, तो आमच्या मिनेसोटा ट्विन्सच्या बारक्या बारक्या बॅटर्सना पिरान्हा म्हणाला. म्हणजे इकडे एक मेलेला फटका, तिकडे एक धावत काढलेला सिंगल, असं कुरतडत कुरतडत हे मॅच खाऊन टाकतात. आता खरं सांगायचं तर यात अर्धं कौतुकच होतं, पण माझा रूममेट म्हणाला की आपल्याला मासे म्हणतो काय, आणि आम्ही पुठ्ठ्याचे मासे कापून घेऊन गेलो. एक ऑक्टोबर, सीझनचा शेवटचा दिवस, समोर तोच गियेन. ५-१ जिंकलो. पण घरी कोणी जाईना, कारण डेट्रॉइट हरलं तरच डिव्हिजन (गटातलं पहिलं स्थान) आपलं, म्हणून सगळे तिथेच बसून मोठ्या स्क्रीनवर डेट्रॉइटची कॅन्सस सिटीशी मॅच बघत होते, प्लेयर्ससुद्धा! डेट्रॉइट ६-० ने पुढे होतं, तिथून बाराव्या इनिंगला १०-८ ने हरलं. अख्ख्या सीझनमध्ये आम्ही एकटे टॉपवर आलो ते त्या शेवटच्या दिवशी. नंतर प्लेऑफमध्ये ओकलंडने ३-० ने धुतलं, ते सोडा.

सनीवेलची सुगरण

आमच्याकडे कोणी मॅनेजर बोलला नाही, माझा दीर बोलायचा. तो एलएचा, डॉजर्सवाला. २०२१ ला आमचे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स अर्ध्यापेक्षा कमी मॅचेस जिंकतील असे अंदाज होते, आणि आम्ही जिंकलो १०७! डॉजर्स १०६. त्यांची सलग आठ वर्षांची डिव्हिजनची मक्तेदारी एका मॅचने गेली. तर भाऊजी काय म्हणावेत, "वहिनी, म्हाताऱ्यांची टीम आहे, शेवटचा दिवा आहे हा, विझायच्या आधीचा." आमच्या लाडक्या प्लेयरला, पोझीला म्हातारा म्हणाले! मी दिवाळीचा फराळ पाठवणार नाही म्हणून सांगितलं. मग प्लेऑफमध्ये डॉजर्सशीच पाचवी मॅच, आमच्याच घरी, २-१ ने हरलो, आणि शेवटच्या बॉलला आमच्या फ्लोरेसने बॅट पूर्ण न फिरवता अडवली होती हो, अडवलीच होती, तरी पहिल्या बेसच्या अंपायरने स्ट्राइक दिला. भाऊजींचा लगेच फोन. उचलला नाही. चकल्या मात्र पाठवल्या, सासूबाईंमुळे.

पुणे ५२

मला बेसबॉल समजत नाही पण १९७६ चा इंग्लंडचा कॅप्टन टोनी ग्रेग आठवला. वेस्ट इंडिजला लोळण घ्यायला लावीन म्हणाला आणि ३-० ने स्वतः लोळला, ओव्हलला होल्डिंगच्या १४ विकेट्स.

*(काका, तुमचं खरंय, पण धागा बेसबॉलचा आहे, क्रिकेट काढलंत तर उद्यापर्यंत मूळ विषय सापडणार नाही. — धागाकर्ती)*

मिलवॉकी मामा

थोडं उलटं लिहितो. मॅनेजर लोक हल्ली असं काही बोलतच नाहीत, चांगली टीम आहे, आदर आहे, झालं. टोचतात ती आजूबाजूची माणसं. आमचा, म्हणजे मिलवॉकी ब्रूअर्सचा मॅनेजर काउन्सेल, इथल्याच व्हाइटफिश बेमध्ये वाढलेला, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आम्हाला सोडून आमच्याच डिव्हिजनमधल्या शिकागो कब्जकडे गेला, पाच वर्षांचे चार कोटी डॉलर. त्याने आम्हाला काही वाईट म्हटल्याचं मला आठवत नाही. पण माझा शिकागोचा टीम लीड रोज सकाळच्या कॉलवर, "आता तुमचं कसं होणार रे?" २०२४ ला आम्ही डिव्हिजन दहा मॅचेसच्या फरकाने जिंकलो. कॉलवर मी काही बोललो नाही, फक्त बॅकग्राउंडला ब्रूअर्सचा फोटो लावला. तो म्हणाला, डिव्हिजनच कमकुवत आहे. अरे, मग तू कुठल्या डिव्हिजनमध्ये आहेस?? २०२५ ला प्लेऑफमध्ये पाचव्या मॅचला ३-१ ने त्यांनाच घरी पाठवलं. त्या सोमवारी त्याने कॅमेरा बंद ठेवला होता. (पुढे डॉजर्सनी आमचा चारही मॅचेसमध्ये चुरा केला, पण ते इथे कोण विचारतंय.)

एडिसनची आई

माझा मुलगा दहा वर्षांचा, लिटल लीग. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी फायनल मारली, तर समोरचे कोच हात मिळवताना मुलांच्या देखत म्हणाले की तुम्हाला ड्रॉ सोपा मिळाला. मला असा राग आला ना, पण मराठीत आला, इंग्लिशमध्ये शब्दच सुचेना. गाडीत बसल्यावर लेकाला म्हटलं, लक्ष नको देऊस. तर तो म्हणाला, आई, त्यांचा पिचर रडत होता, मी त्याला माझं गेटोरेड दिलं. आणि ग्लव्ह तिथेच विसरला. परत वीस मिनिटं गाडी हाणली, तर ग्लव्ह त्याच कोचच्या हातात, पार्किंगमध्ये आमची वाट बघत उभे.