आवडत्या गायिकेची घरगुती बैठक नाशकात ठेवायची आहे: साउंड, पैसे आणि हक्क याबद्दल मदत हवी

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

स्वतः गाणी लिहून, स्वतःच चाल लावून गिटार आणि एकतारीवर म्हणणारी मुंबईची एक गायिका आहे. कुठल्याही कंपनीशी करार नाही. रेकॉर्डिंगपासून पोस्टरपर्यंत सगळं ती एकटी करते. नाशकात तिच्या श्रोत्यांचा १२० जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि त्यातल्या निम्म्यांना तरी तिची गाणी तोंडपाठ आहेत. जानेवारीत तिची तिकीट लावून बैठक ठेवायची आहे. गंगापूर रोडला एका बंगल्याचा हॉल मिळतोय, १५ बाय २२ फूट. वर गच्चीही आहे.

१. हॉल की गच्ची? किती माणसं बसतील?
२. साउंड भाड्याने काय काय घ्यावं?
३. तिकीट किती ठेवावं? तिच्या हातात जास्तीत जास्त पैसे कसे पडतील?
४. कार्यक्रमात तिची स्वतःची नऊ गाणी, कुसुमाग्रजांची एक कविता, बहिणाबाईंची एक आणि जात्यावरच्या दोन ओव्या आहेत. परवानग्या लागतात का?

घुमारा

हॉलच घ्या. जानेवारीत नाशकात रात्री चांगलीच थंडी पडते आणि गच्चीवर गिटार सुरात राहत नाही. उबदार खोलीतून थंड हवेत आणली की पोलादी तारा आकसतात, ताण वाढतो, सूर चढतो. एकतारीचंही तेच होतं, पण दोन्ही वाद्यं सारख्या प्रमाणात चढत नाहीत. मग गायिकेला दर गाण्याआधी खुंट्या पिळत बसावं लागतं. हॉलमध्येसुद्धा वाद्यं अर्धा-पाऊण तास आधी पिशवीतून काढून ठेवायला सांगा. शिवाय गच्चीवर स्पीकर लावायचा तर लेखी परवानगी लागते आणि रात्री १० नंतर तो बंद म्हणजे बंद.

१५ बाय २२ म्हणजे ३३० चौरस फूट. गायिकेसाठी ६ बाय ८ चा कोपरा सोडा. उरलेल्या जागेत सतरंजीवर मांडी घालून ४० जण बसतात, खुर्च्या मांडल्या तर २५. गुडघेदुखीवाल्यांसाठी मागच्या भिंतीला सहा खुर्च्या ठेवा, पण मग एकूण आकडा ३६ वर आणा. गायिकेला खाली गादीवर बसवू नका. गिटार वाजवणाऱ्याला हात नसलेली खुर्ची किंवा स्टूल लागतं. ते आठ-दहा इंच उंच दिवाणावर ठेवलं की शेवटच्या रांगेलाही तिची बोटं दिसतात.

सामान फार नको. गाण्यासाठी एक डायनॅमिक माईक, एसएम ५८ जातीचा. कंडेन्सर माईक या कामाला घेऊ नका, तो पंखा, चहाचे कप, बाहेरची रिक्षा सगळं उचलतो आणि शिट्टीही लवकर मारतो. गिटारला पिकअप (तारांचा आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तुकडा) असेल तर ती सरळ मिक्सरला जोडायची नाही, मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे तो सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी, हवाच. पिझो पिकअपचा सिग्नल नाजूक असतो, लांब जॅक केबलमधून जाताना तो तीक्ष्णपणा गमावतो आणि वर घरघर पकडतो. गिटारपासून डीआयपर्यंतची केबल तीन मीटरच्या आत ठेवा. अ‍ॅक्टिव्ह डीआय असेल तर मिक्सरवर ४८ व्होल्टचं बटण दाबायला विसरू नका. ऐन वेळी 'गिटारचा आवाजच येत नाही' अशी धावपळ होते ती बहुतेक वेळा याच बटणामुळे.

१० इंची एक पॉवर्ड स्पीकर पुरे. तो गायिकेच्या मागे नव्हे, तिच्यापेक्षा एक-दीड फूट पुढे आणि बाजूला. स्टँड नेहमीच्या उंचीवर ठेवला तर आवाज जमिनीवर बसलेल्यांच्या डोक्यावरून जातो. मांडी घातलेल्या माणसाचा कान जमिनीपासून अडीच फुटांवर असतो, तेव्हा स्टँड खाली घ्या किंवा स्पीकर पुढे कलता ठेवा. गिटार घुमायला लागली की आवाज कमी करण्याआधी इक्वलायझरवर १०० ते २०० हर्ट्झचा पट्टा ४-५ डेसिबल खाली घ्या. घुमारा बहुधा तिथेच असतो.

विजेचं काम बैठकीच्या आदल्या दिवशीच तपासा. मिक्सर, स्पीकर, सगळं एकाच सॉकेटवरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, नाहीतर दोन वेगळ्या अर्थिंगमुळे सतत हम्म येत राहतो. घरचा जुना इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल तर त्यावर साउंड चालवू नका, गुणगुण थांबणारच नाही.

तंबोऱ्याची_जवारी

घुमारा यांचं बाकी सगळं मान्य, पण २५ माणसांत स्पीकर कशाला? एकतारीचा भोपळा जो मऊ सूर देतो तो माईकमधून कधीच तसा येत नाही. आकडा तिशीच्या आत ठेवलात तर साउंड रद्द करा, ते पैसे गायिकेला द्या. खिडक्यांना जाड पडदे, मागच्या भिंतीला दोन गोधड्या टांगा. पंखे बंद, जानेवारीत चालून जातं. चाळीस जण घेणार असाल तर मात्र माईक लागेल. माणसांचे कपडेच आवाज पितात.

आणखी एक, गाण्यांचा क्रम तिच्याशी आधी बोलून घ्या. समजा तिची पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी) आहे. गिटारवर चौथ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून 'ई' चे कॉर्ड धरले की ती मिळते आणि एकतारी त्याच षड्जावर लावायची. पुढचं गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर कॅपो पाच सेकंदांत सरकतो, एकतारीला मात्र दोन मिनिटं लागतात. एका पट्टीतली गाणी एकत्र बांधा आणि पट्टी मध्यंतरात बदला. कॅपो चिमटला की तारा किंचित चढतात, म्हणून एकतारी कॅपो लावल्यानंतरच जुळवायची, आधी नाही.

हिशोब_पक्का

पैशांचं लिहितो. प्रवेश फुकट ठेवू नका. फुकट असला की नावं साठ येतात आणि माणसं पंचवीस. तिकीट ४०० ठेवा, पूर्ण रक्कम यूपीआयने आगाऊ. ३६ जणांचे १४,४०० होतात. साउंड, प्रवास आणि चहा-चिवडा मिळून ५,००० धरले तरी ९,४०० उरतात. तिला आधी किमान मानधन सांगा, समजा ८,०००, आणि वर उरेल तेही तिचंच. तिकिटं कमी गेली तर तूट ग्रुपने वाटून घ्यायची, तिच्या माथी मारायची नाही. ५०० रुपयांच्या आतल्या प्रवेशावर जीएसटी नाही, म्हणून त्या आकड्याच्या वर जाऊ नका. शेवटी झोळी फिरवा आणि झोळीवर तिचा स्वतःचा क्यूआर चिकटवा, आयोजकाचा नको.

दाराशी तिच्या गाण्यांची छापील पुस्तिका ठेवलीत तर उत्तम. मध्ये पिना मारायच्या म्हणजे पानं चारच्या पटीत हवीत, १३ गाण्यांना १६ पानं बसतात. १०० प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही, डिजिटल छपाई घ्या.

ती मुंबईची आहे तर रात्री परत पाठवू नका. मुक्काम द्या आणि सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडून द्या.

आता हक्क. भारतात गीत आणि संगीताचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांची कविता २०५९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. आपल्या गावचे कवी असले तरी चाल लावून तिकिटाच्या कार्यक्रमात म्हणायला हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. पत्र आत्ताच टाका. बहिणाबाईंच्या कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली पुस्तकरूपात आल्या, त्यांची मुदत २०१२ अखेर संपली. त्या मोकळ्या आहेत. स्वातंत्र्यशाहीर गोविंद (१८७४-१९२६) हे नाशिकचेच आणि तेही मोकळे. कुसुमाग्रजांची परवानगी वेळेत आली नाही तर तिला गोविंदांच्या कवितांकडे बघायला सुचवा.

तिच्या स्वतःच्या गाण्यांत एक बारकावा आहे. ती आयपीआरएसची (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सभासद नसेल तर तिची संमती पुरेशी. सभासद असेल तर सार्वजनिक सादरीकरणाचा हक्क तिने संस्थेकडे सोपवलेला असतो, म्हणून तिकिटाच्या कार्यक्रमाचा परवाना आयोजकाने संस्थेकडून घ्यायचा असतो. सभासद नसेल तर तिला व्हायला सांगा, आणि प्रत्येक गाणं गीतकार-संगीतकाराच्या वाट्यासह नोंदवायला सांगा. नोंद नसलेल्या गाण्याची रॉयल्टी वाटपात तिच्यापर्यंत पोचतच नाही.

गोदाकाठ

मनापासून आभार. ३६ चा आकडा आणि हॉल पक्का केला. दोन गोष्टी राहिल्या. बैठक रेकॉर्ड करावी का? आणि आम्ही १२० जण एरवी तिची गाणी स्पॉटिफायवर ऐकतो, त्याचा तिला खरंच काही उपयोग होतो का? ग्रुपवर एकाने सुचवलं की सगळ्यांनी रात्रभर आवाज बंद करून गाणी चालू ठेवावीत.

घुमारा

रात्रभर चालू ठेवणं अजिबात करू नका. कृत्रिम स्ट्रीम ओळखले जातात, त्याचा दंड तिची गाणी स्पॉटिफायवर पोचवणाऱ्या वितरकाला बसतो, वितरक तो कलाकाराकडून वसूल करतो आणि गाणंच उतरवलं जाण्याचीही शक्यता असते. तुमच्या प्रेमाची किंमत ती मोजेल.

खरं ऐकण्याचा मात्र उपयोग आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम नाहीत त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. १२० जणांनी एक गाणं वर्षात नऊ वेळा ऐकलं की १,०८० होतात, उंबरा ओलांडला. ३० सेकंद ऐकल्यावरच स्ट्रीम धरला जातो. म्हणून सगळ्यांनी एकाच लाडक्या गाण्याला धरून बसण्यापेक्षा मागे पडलेली गाणी ऐका. पैसे तरीही थोडेच येतात, बैठकीच्या एका रात्रीची बरोबरी होणार नाही. बँडकॅम्प या गाणी विकायच्या संकेतस्थळावर कलाकाराला जास्त वाटा मिळतो, डिजिटल विक्रीत १५ टक्केच कापतात, पण पैसे पेपालमधून येतात आणि पेपालने भारतातल्या भारतात व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. परदेशातल्या मराठी श्रोत्यांना ती लिंक द्या, इथल्यांनी तिच्याकडून थेट यूपीआयने घ्यावं.

रेकॉर्डिंग तिच्या लेखी होकाराशिवाय नाही. कलाकाराच्या सादरीकरणावर तिचा स्वतंत्र हक्क असतो, ५० वर्षांचा. होकार मिळाला तर हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर गायिकेसमोर चार फुटांवर, छातीच्या उंचीला, तिपाईवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सर्वांत जोरदार गाण्याला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवा. मध्येच टाळ्यांचा कडकडाट होतो आणि फुटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. तासाला साधारण एक जीबी लागतो. काही रेकॉर्डर २ जीबीला फाइल तोडतात, म्हणून मध्यंतरात थांबवून नवी फाइल सुरू करा. फ्रिज बंद करा आणि यजमानांच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे कार्यक्रमानंतर तो पुन्हा चालू करायचा राहून जाणार नाही. मूळ फाइल तिला पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून, नाहीतर आवाज दाबला जातो.

तंबोऱ्याची_जवारी

ओव्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. पारंपरिक ओवी कुणाच्या मालकीची नाही, पण ती कुठून घेतली याला महत्त्व आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर येत आहेत आणि तिथे ओवी म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. गायिकेने तिथली ओवी घेतली असेल तर पुस्तिकेत नुसतं 'पारंपरिक' छापू नका, त्या बाईचं नाव आणि गावही छापा.

पुढे ती ओवी यूट्यूबवर टाकताना 'शब्द पारंपरिक, संगीत संयोजन अमुक' असंच भरायला सांगा. पारंपरिक चालीवर दुसऱ्या कुणी आधीच कंटेंट आयडी (यूट्यूबची हक्काचं गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा) लावलेला असला तर आपोआप दावा येतो. तेव्हा घाबरून व्हिडिओ काढायचा नाही, गाणं पारंपरिक आहे आणि रेकॉर्डिंग आपलं आहे एवढंच लिहून हरकत नोंदवायची. दावा करणाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात.