विषय: कॅमबेल्टच्या कामानंतर कूलंटची गळती, गॅरेजला काय लिहावे?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या नऊ वर्षांच्या गाडीचा कॅमबेल्ट (इंजिनाच्या आतील भागांचा ताळमेळ राखणारा पट्टा) आणि त्याच्यासोबत वॉटर पंप घराजवळच्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतला. बिल ६४० पौंडांचे झाले आणि ते मी क्रेडिट कार्डाने भरले. तीन आठवड्यांनी एम-४ महामार्गावर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, म्हणून गाडी थांबवून ती टो करून घरी आणावी लागली. इंजिन निवल्यावर बॉनेट उघडले, तेव्हा पंपाच्या खालच्या अंगाला गुलाबी कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) वाळून मिठासारखा खरखरीत थर बसलेला दिसला. गॅरेजचे म्हणणे असे की रेडिएटर जुना झाला आहे आणि तो बदलायला आणखी ३८० पौंड लागतील. या कामाआधी मला कधी पेलाभर कूलंटही घालावे लागले नव्हते. माझे यजमान म्हणतात की दुसरीकडे दुरुस्त करून घेऊ आणि विषय सोडून देऊ. मला ते पटत नाही. आपला हक्क नेमका काय आहे आणि पत्र कसे लिहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रेडिंगहून, एक सभासद

*

ताई, नमस्कार.

पहिली विनंती ही की गाडी आता अजिबात चालवू नका. कूलंट कमी असताना इंजिन तापले तर सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकते, हेड गॅस्केट (त्याच्या जोडातली गळती रोखणारी पट्टी) जाते आणि खर्च हजारांवर जातो. शिवाय गळती दिसत असूनही तुम्ही गाडी चालवलीत, असे म्हणायला गॅरेजला आयते कारण मिळते.

यजमानांचा वैताग मी समजू शकतो, पण दुसरीकडे दुरुस्तीची घाई करू नका. चार वर्षांपूर्वी ब्रेकच्या कामात मी नेमके तेच केले. दुसऱ्या मेकॅनिकने चुकीचे बसवलेले पॅड काढून फेकून दिले आणि पहिल्या गॅरेजसमोर ठेवायला माझ्या हाती काहीच उरले नाही. २१० पौंड गेले ते गेलेच, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते. म्हणून आधी स्वतंत्र मेकॅनिककडून फक्त तपासणी करून घ्या. गळती रेडिएटरची आहे की पंपाच्या जोडाची, एवढे त्याने लेखी द्यावे, फोटो जोडावेत आणि काहीही उघडू नये.

ब्रिटनच्या कन्झ्युमर राइट्स ॲक्ट, २०१५ (ग्राहक हक्क कायदा) प्रमाणे सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने दिली गेली पाहिजे. तशी दिली गेली नसेल तर ते काम स्वखर्चाने, वाजवी मुदतीत आणि तुमची फारशी गैरसोय न करता पुन्हा करून देणे गॅरेजवर बंधनकारक आहे. ते शक्य नसेल किंवा वेळेत झाले नाही, तर तुम्ही बिलात कपात मागू शकता आणि प्रसंगी ही कपात पूर्ण बिलाएवढीही असू शकते. म्हणून पत्रात फसवणुकीचा आरोप करू नका. लबाडी सिद्ध करण्याची तुम्हाला गरजच नाही. काम नीट झाले नाही, एवढे दाखवणे पुरेसे आहे. कामाची तारीख, तेव्हाचे आणि आताचे मैल, बिलाचा क्रमांक, तपासणीचा अहवाल आणि १४ दिवसांची मुदत एवढे त्यात असू द्या. एक गोष्ट मात्र आवर्जून लिहा: गळलेले कूलंट बेल्टवर पडले असेल तर बेल्टही नवा घातला पाहिजे, कारण कूलंटने भिजलेल्या बेल्टचा भरवसा धरता येत नाही.

गाडी पुन्हा तिथे देताना, माझ्या लेखी संमतीशिवाय जादा काम करू नये, असे ईमेलने कळवा. काम केल्यावर बिल थकले तर गॅरेजला गाडी अडवून ठेवता येते. तशी वेळ आलीच तर बिलावर ‘अंडर प्रोटेस्ट’ (म्हणजे हरकत राखून) लिहून पैसे भरा, म्हणजे पुढे दाद मागता येते.

तुम्ही क्रेडिट कार्ड वापरले हे फार बरे झाले. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली, १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या व्यवहारात कार्ड कंपनीही गॅरेजइतकीच जबाबदार असते. गॅरेज मोटर ओम्बुड्समनकडे (गाड्यांविषयीच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे) नोंदलेले असेल तर तिथली तक्रार ग्राहकाला विनामूल्य आहे. स्मॉल क्लेम्सचा (लहान रकमेच्या कोर्टातील दाव्याचा) मार्ग इंग्लंडमध्ये १०,००० पौंडांपर्यंत खुला आहे, पण तिथवर जावे लागेल असे मला वाटत नाही. पत्राचा मसुदा मला पाठवा, मी नजरेखालून घालतो.

स्लावहून, एक जुना सभासद

*

काका, आपले मनापासून आभार. त्यानंतर काय झाले ते सर्वांसाठी कळवते.

घरी येऊन तपासणी करणाऱ्या मेकॅनिकने ७५ पौंड घेतले. इंजिन थंड असताना त्याने कूलंटच्या टाकीला हातपंप जोडून दाब दिला आणि आरसा धरून मला दाखवले: रेडिएटर कोरडा ठणठणीत होता, आणि पंपाच्या जोडातून एक गुलाबी थेंब फुगत फुगत खाली सुटला. तो फोटो जोडून पत्र पाठवल्यावर सहाव्या दिवशी गॅरेजचा फोन आला. त्यांनी माझ्यासमोर पंप उतरवला, तेव्हा इंजिनाच्या बाजूला जुन्या गॅस्केटचे नखाएवढे तुकडे तसेच चिकटलेले निघाले. नवे गॅस्केट आणि नवा बेल्ट त्यांनी विनामूल्य बसवून दिला. रेडिएटर जुनाच आहे आणि दोन आठवड्यांत पातळी हललेली नाही. तपासणीचे ७५ पौंड आणि टोचा खर्च देण्यास मात्र ते तयार नाहीत. त्या रकमेसाठी मी काल कार्ड कंपनीकडे कलम ७५ खाली अर्ज पाठवला आहे. उत्तर आले की याच विषयाखाली कळवीन.

रेडिंगहून