पेलाग्रा संसर्गजन्य नाही, हे कसे ठरले?

प्रश्न: विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात मका खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा (त्वचेवर चट्टे, जुलाब व मानसिक बिघाड घडवणारा रोग) पसरला होता. तो संसर्गजन्य नाही, हे अमेरिकी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी कशावरून ताडले?

प्रतिसाद: अनाथालयांतील मुले व मनोरुग्णालयांतील रुग्ण आजारी पडत, परंतु त्यांच्या सतत सहवासातील कर्मचारी निरोगी राहत, हे त्यांनी १९१४ मध्ये हेरले, आहारात दूध, अंडी व मांस वाढवताच रोग ओसरला. १९१६ मध्ये त्यांनी रुग्णाचे रक्तही स्वतःला टोचून घेतले (आजची नीतिसमिती हे खचितच नाकारेल), तरी पेलाग्रा झाला नाही.

प्रश्नकर्ता: मग मेक्सिकोत तो का नव्हता?

प्रतिसाद: तेथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे त्यातील बद्ध नायसिन (ज्या जीवनसत्त्वाच्या अभावाने पेलाग्रा होतो ते) मोकळे होऊन शरीराला मिळते. दख्खनमध्ये मात्र ज्वारी खाणाऱ्यांतही पेलाग्रा आढळला, भारतीय पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाशी (प्रथिनांच्या एका घटकाशी) जोडला, पण ते सर्वमान्य झाले नाही.