रॅकेट धरणाऱ्या पोरांची पाठ: दोष एकहाती खेळाचा की आपल्या घाईचा?

विश्रामबागकर
माझी लेक १३ वर्षांची. चार वर्षं झाली, सांगलीत बॅडमिंटन खेळते, उजव्या हातानं. दिवाळीचा ड्रेस शिवायला टाकला तेव्हा माप घेता घेता टेलर म्हणाले, "हिचा उजवा खांदा बोटभर खाली हाय." घरी येऊन बघितलं तर खरंच. त्यात महिनाभर कंबर दुखतेय म्हणते.
माझं मत सरळ आहे. एका हाताचा खेळ वाढत्या अंगाची पाठ वाकडी करतो. १४ वर्षांपर्यंत पोहणं, सूर्यनमस्कार, मल्लखांब असं दोन्ही बाजूंना सारखं काम द्यावं. रॅकेट त्यानंतर.

जुना शटलर
दादा, हे पटत नाही. नंदू नाटेकर सांगलीचे. १९५६ साली मलेशियात जिंकले, परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्यांच्या गावातल्या पोरांना १४ पर्यंत रॅकेटला हात लावू नका म्हणायचं? मनगट आणि पायांची चाल लहानपणीच बसते. माझाही उजवा खांदा उतरलेला आहे आणि पन्नाशीत कंबर ठणठणीत आहे. पोरांची पाठ धरते ती पोक काढून तासन्‌तास मोबाईलवर वाकल्यानं.

मिरजेची फिजिओ
सर, खांद्याबद्दल तुमचं बरोबर, मोबाईलबद्दल नाही. नुसत्या पोक काढून बसण्यावर कंबरदुखीचं खापर फोडता येत नाही. ताठ बसणाऱ्यांचीही कंबर दुखते.
खेळता खांदा उतरतो, कारण त्या बाजूचे स्नायू वाढतात, हात जड होतो आणि खांद्याला वर धरणारे स्नायू ताणले जातात. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या त्या हाताचं हाडसुद्धा जाड असतं. अंगानं खेळाशी जुळवून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ.
मणक्याचा बाक ही वेगळी गोष्ट. एक्स-रेमध्ये बाकाचा कोन १० अंश किंवा जास्त असेल तरच स्कोलिओसिस म्हणतात, आणि त्यात मणके वाकतात तसे पिळतातही. मुलीला पाय जुळवून, तळहात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या उचललेल्या दिसल्या तर दाखवायलाच हवं. हा बाक कधीही रॅकेट न धरलेल्या मुलांतही असतो, शंभरात दोन-तीन जणांना. मुलींमध्ये उंची झपाट्यानं वाढताना तो वाढायचा धोका जास्त. आणि बाक आहे म्हणून खेळ संपत नाही. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे.
मला काळजी आहे ती महिनाभराच्या दुखण्याची. स्मॅश मारताना कंबर मागे कमान घेते आणि त्याच क्षणी पिळते. सगळा ताण येतो कंबरेच्या शेवटच्या, पाचव्या मणक्याच्या मागच्या बारीक हाडावर. या वयात ते पुरतं पक्कं झालेलं नसतं. रोज तोच ताण बसला की तडा जातो. मागे वाकल्यावर दुखणं वाढतं, सुरुवातीला साध्या एक्स-रेत तो दिसेलच असं नाही, एमआरआय लागू शकतो. तेलमालिश करून पुन्हा कोर्टवर पाठवू नका. तडा निघाला तर काही महिने खेळ बंद ठेवावा लागतो, पण वेळेत धरला तर बहुतेक मुलं परत खेळतात.

तालमीतला गडी
मल्लखांबाचं नाव आलं म्हणून लिहितो. दहा वर्षं केलाय. त्यात मागची कमान बॅडमिंटनपेक्षा जास्त. आमच्यातल्या दोघांना कंबरेमुळंच सोडावा लागला. दोन्ही अंगं सारखी चालली म्हणजे पाठ सांभाळली, असं नाही हो.

मिरजेची फिजिओ
अगदी बरोबर. जिम्नॅस्टिक्समध्ये आणि वेगवान गोलंदाजांतही हाच तडा सापडतो. म्हणून मी डावं-उजवं मोजत नाही, तास मोजते. आठवड्याचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. विश्रामबागकर दादा, लेकीचे किती होतात?

विश्रामबागकर
आत्ता बसून मोजले. सकाळी दीड, संध्याकाळी दोन, आठवड्याचे सहा दिवस. एकवीस तास. रविवारचे सामने वेगळे. मला वाटायचं, जास्त खेळली तर पुढे जाईल. वाकवून बघितलं, बरगड्या सारख्या आहेत. पण मागे वाकायला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या सकाळीच मिरजेला नेतोय.

जुना शटलर
पुढच्या महिन्यात स्पर्धा असेल तरी बसवा तिला. पोरगी लपवत असणार, खेळाडू पोरं दुखणं लपवतात. आमच्या हॉलमध्ये कुणाचे किती तास होतात हे मी कधी लिहून ठेवलं नाही. कोण सकाळी दुसरीकडे खेळून येतं तेही विचारलं नाही. सोमवारपासून वही ठेवतो. पण १४ वर्षांची अट मात्र मला मान्य नाही.

विश्रामबागकर
सर, त्यावर भांडू. आधी रिपोर्ट येऊ दे.