नव्या काँक्रीटला आठवड्यातच तडे, पावसाआधी काय करून घेऊ?

नमस्कार मंडळी,

लातूरला आमच्या घरी गेटपासून पोर्चपर्यंत गाडीसाठी काँक्रीट करून घेतलंय. लांबी साधारण ४० फूट, रुंदी ११, जाडी ४ इंच. खाली काळी माती होती. ती फूटभर काढून मुरूम भरला, पाणी मारून रोलर फिरवला. वर एम२० ताकदीचं काँक्रीट, साइटवरच मिक्सर लावून. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख (फ्लाय अ‍ॅश) मिसळलेलं. सळई किंवा जाळी नाही. एप्रिलअखेरचं ऊन, माल भर दुपारपर्यंत पडत होता. आईला वॉकर घेऊन गेटपर्यंत जाता यावं यासाठी हे सगळं केलं, म्हणून दिसण्यापेक्षा सपाटी टिकणं मला जास्त महत्त्वाचं.

तडे तीन तऱ्हेचे आहेत. वरवरच्या बारीक, तिरप्या, एकमेकींना समांतर रेघा दुसऱ्या दिवशीच दिसल्या. त्या कडेपर्यंत जात नाहीत. मग दोन तडे या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले, एक गेटपासून १३ फुटांवर, दुसरा २७ च्या आसपास. त्यांत पोस्टकार्डाची कड जाते. आणि गेटच्या कोपऱ्यात, जिथून नळाची लाइन गेली आहे, तिथे तिरका तडा असून त्याची एक बाजू किंचित खाली वाटते.

ठेकेदार म्हणतो, काँक्रीट आहे, तडे जाणारच, सगळ्यावर सिमेंटचं घट्ट पाणी फिरवून देतो, राहिलेलं बिल द्या. फिरवू द्यावं का?

प्रतिसाद १
फिरवू देऊ नका. तो थर कागदासारखा पातळ असतो, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. शिवाय खालचा तडा झाकला जाऊन नंतर नेमकं काय हलतंय ते कळत नाही.

तिरप्या रेघा उन्हाच्या. माल ओला असताना वरचं पाणी वाऱ्याने आणि उन्हाने खालून येणाऱ्या पाण्यापेक्षा लवकर उडालं की त्या पडतात. त्यांनी ताकद फारशी जात नाही, सोडून द्या. कडेपासून कडेपर्यंतचे दोन तडे मात्र जॉइंट, म्हणजे तडा ठरल्या जागी जावा म्हणून पाडायची खाच (ग्रूव्ह), न कापल्याचे. काँक्रीट सुकताना आकसतं. ४ इंच जाडीला दर ८ ते १० फुटांवर जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे इंचभर खोल ग्रूव्ह हवा, आणि तो दुसऱ्या दिवसाच्या आत कापायला हवा. तुमच्या ४० फुटांत एकही नाही, मग स्लॅबने आपले जॉइंट आपणच पाडून घेतले. ‘तडे जाणारच’ हे खरं आहे, पण ते कुठे जावेत हे ठरवणं ठेकेदाराचं काम होतं.

आणि पाणी अजून मारताय ना? काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६:२००० प्रमाणे पीपीसीला किमान १० दिवस, कोरड्या कडक हवेत १४.

धागाकर्ता
दिवसातून तीनदा पाइपने मारतो, पण अर्ध्या तासात वाळतं. उतार असल्यामुळे वाफे बांधले तरी पाणी थांबत नाही. टँकरही सारखा परवडत नाही.

प्रतिसाद २
ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे दिवसभर पाइप धरा असं कोण सांगणार? बारदान भिजवून अंथरा, वर प्लास्टिकचा कागद टाका आणि कडा विटांनी दाबा. फार थोड्या पाण्यात दिवस निघतो. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

माझं मत: कोअर, म्हणजे यंत्राने कापलेला गोल नमुना, काढून ताकद तपासा.

प्रतिसाद १
कोअर कशाला? तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आली, एकही ७५ च्या खाली नाही, म्हणजे काँक्रीट पास. तडे तिथेच राहणार. इथे प्रश्न ताकदीचा नाहीच, जॉइंटचा आणि भरावाचा आहे.

प्रतिसाद ३
मला काळजी फक्त गेटच्या कोपऱ्याची वाटते. तिथे हातोडीने हलकं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर लाइनचा चर नीट न दाबता भरला आहे. असा तडा कशानेही भरून थांबत नाही, आणि वॉकरचा पाय अडकायला तेवढी उंची पुरे. तेवढा तुकडा कटरने सरळ रेषेत कापून काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा आणि मग पुन्हा ओता. दुरमुसाने भागवू नका. हा खर्च ठेकेदाराचा, बिलातून तेवढी रक्कम राखून ठेवा.

एरवी मी तड्याच्या टोकांना पेन्सिलने तारीख टाकून एक पावसाळा थांबा म्हटलं असतं. पण खाली काळी माती आहे. तड्यातून पाणी उतरलं की ती फुगणार, उन्हाळ्यात पुन्हा आकसणार. दोन्ही आडवे तडे पावसाआधीच बंद करा, पण लवचिक मालाने. इपॉक्सी नको, तो दगडासारखा होतो, स्लॅब हलला की शेजारी नवा तडा. ग्राइंडरने तड्यावर बोटभर रुंद खाच करा, फोमची दोरी दाबा, वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. मधल्या तिन्ही भागांत एकेक ग्रूव्ह आत्ताही कापून घ्या, आकसणं अजून काही महिने चालणार आहे.

धागाकर्ता
कोपऱ्यात ठोकलं, साधारण दोन फूट भागात डबडब वाजतं. ठेकेदाराला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा ठोकलं. तो कोपरा नव्याने करून द्यायला तयार झाला, ग्रूव्हचं कटिंगही त्याच्याकडेच. सीलंट मी आणतो. एक विचारायचं राहिलं, बारदान काढल्यावर लगेच भरलं तर चालेल का?

प्रतिसाद ३
नाही. ओल्या खाचेत पीयू धरत नाही. पाणी थांबवल्यावर चार-पाच दिवस कडक ऊन खाऊ द्या, ब्लोअरने धूळ काढा, मग डब्यावर लिहिलेला प्रायमर लावून भरा. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरका, लातूरला वळवाचा भरवसा नाही. कोपऱ्याचं नवं काँक्रीट मात्र तेव्हा ओलंच असेल, त्याच्या कडेचा जॉइंट त्याचं क्युरिंग, म्हणजे ओलं ठेवणं, संपून तो वाळल्यावर वेगळा भरा.