जुन्या शाळेची नवी मांडणी: काय राहिलं, काय गेलं? अनुभव लिहा

आमच्या शाळेने शंभरी ओलांडली. पुण्याच्या पेठेतली, एका संस्थेची खासगी शाळा. आता दोन जुन्या इमारती पाडून एक उंच इमारत बांधायची आणि प्राथमिक-माध्यमिक एकाच आवारात आणायची, असा आराखडा संस्थेने मांडलाय. मी माजी विद्यार्थ्यांच्या समितीत आहे. मागच्या सभेत अर्धे लोक म्हणाले, एका विटेलाही हात लावू नका. उरलेले म्हणाले, आजच्या मुलांना लिफ्ट, प्रयोगशाळा, धड स्वच्छतागृहं द्यायची नाहीत का? मला दोघांचंही पटतं, आणि त्यामुळे गेले दोन आठवडे झोप नीट लागलेली नाही.

हुजूरपागेत एकेकाळी पेशव्यांचे घोडे बांधले जात. १८८४ साली सुरू झालेली मुलींची शाळा आज तिथे आहे आणि नाव अजून पागेचंच. न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली सुरू झालं ते बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात. चिपळूणकर, टिळक, आगरकरांकडे तेव्हा शाळेसाठी स्वतःची इमारत नव्हती. म्हणजे जागा बदलली, वापर बदलला म्हणून परंपरा तुटतेच असं नाही. मग ती नेमकी कशाने तुटते? ज्यांच्या शाळेत असं काम झालंय त्यांनी कृपया लिहा. शाळेचं नाव नको, पण झालेलं जसंच्या तसं सांगा.

निवृत्त शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

ताई, आमची शाळा कौलारू होती. मंगलोरी कौलं. काहींच्या पाठीवर बासेल मिशनचा छाप आणि १८६५ हे साल. ते कारखाना सुरू झाल्याचं साल, पण मुलं ते शाळेचंच समजायची. दर मे महिन्यात शाकारणी व्हायची. शेवटी शेवटी वाशांना इतकी वाळवी लागली की जोराचा वारा सुटला की मी पोरांना मधल्या भिंतीकडे सरकवून बसवायचो. तेव्हा छप्पर काढायला माझा विरोध नव्हता, हे आधीच सांगतो.

पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. पाऊस कोसळायला लागला की कौलांवर एवढा आवाज व्हायचा की शिकवणं अशक्य. मग पुस्तकं मिटायची आणि सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणायचा. शेजारचा वर्ग वरच्या पट्टीत लावायचा, की आमचा आणखी वर. तिसापर्यंतचे पाढे आमच्या मुलांना पावसाने शिकवले असं आम्ही म्हणायचो. स्लॅब पडला आणि पहिल्या पावसात वर्ग शांत. मला गुदमरल्यासारखं झालं.

आमच्या एका बाईंनी यातून वाट काढली. उतरवलेल्या कौलांतली चांगली निवडून पुढच्या पडवीवर चढवून घेतली. आता पहिला मोठा पाऊस आला की सगळी शाळा त्या पडवीत दाटीवाटीने उभी राहते आणि बेरजेच्या तासापासून मोकळी होऊन पाढे म्हणते. मी अजून जातो. भिजतो, पण जातो.

गिरगावातला माजी विद्यार्थी

आमच्याकडे दर्शनी भिंत राखली. मुंबईत वारसा इमारतींची नियमावली १९९५ पासून आहे, त्यामुळे तेवढं तरी झालं. पण मैदानाच्या कडेने गाळे निघाले आणि खो-खोचं एक मैदान जेमतेम उरलं. स्नेहसंमेलन आता भाड्याच्या सभागृहात होतं. मांडवाचे बांबू उतरवताना मुलं जी धावपळ करायची, ती संपली. विश्वस्तांना मी तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. तुमच्या समितीने आधी मैदानाची मापं लिहून घ्यावीत आणि त्यावर सह्या घ्याव्यात.

वास्तुरचनाकार, नाशिक

अशा दोन शाळांची कामं केली आहेत. पहिल्या कामात मी चूक केली होती, तीच आधी सांगते. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंतींवर आधीच्या कोणीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला होता. मी तो तसाच ठेवून वरून रंग दिला. दोन पावसाळ्यांत फुगारे आले, हात लावला की पापुद्रे पडायचे. जुन्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंट तिला कोंडतं. शेवटी सगळा गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा केला.

दुसऱ्या शाळेत आराखड्याला हात लावण्याआधी आठवडाभर नुसती पायरीवर बसून राहिले. मुलं कुठून येतात, डबा कुठे खातात, भांडण झालं की कुठे जाऊन रडतात. विहिरीच्या कठड्यामागे एक कोपरा होता, तो कुठल्याच नकाशात नव्हता. आमचा उतार तिथूनच जाणार होता. व्हीलचेअरसाठी उतार हवाच, शिक्षण हक्क कायद्यातही विनाअडथळा प्रवेशाची अट आहे. पण तो चार हात पलीकडून नेता आला.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. जुना सागवानी जिना, अतिशय देखणा, आणि वरच्या सहा वर्गांना खाली यायला तेवढा एकच. मागे लोखंडी जिना नको, इमारतीचं रूप जाईल, म्हणून माजी विद्यार्थी हटून बसले. तामिळनाडूतल्या कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली. हा आकडा मी सभेत सांगितला आणि जिना बांधून घेतला.

सोलापूर, १९८८ ची दहावी

दरवर्षी शाळेत पहिल्या आलेल्यांची नावं रंगवलेले लाकडी फळे होते. रंगकाम काढलं तेव्हा ते माळ्यावर टाकले आणि विसरले. सापडले तेव्हा वाळवीने खालची सात वर्षं खाल्ली होती. चित्रकलेच्या सरांनी जुनी हजेरीपत्रकं काढून ती नावं पुन्हा ब्रशने लिहिली, त्याच वळणात. काही हलवायच्या आधी यादी करा, एवढंच सांगेन.

एका शिपायाची मुलगी

माझे वडील शाळेत शिपाई होते. आम्ही आवारातल्याच एका खोलीत राहायचो. काशाचा तास, म्हणजे टोल द्यायची थाळी, आणि लाकडी मोगरी, ती वडिलांशिवाय कोणी उचलायचं नाही. भरल्याचे टोल, मधल्या सुट्टीचे, आणि कोणी वारलं तर सावकाश, अंतर ठेवून दिलेले.

नव्या मांडणीत आमची खोली जाणार होती. त्याचं वाईट वाटलं, पण संस्थेने बाहेर जागा दिली. खरं दुखलं ते वेगळंच. सगळ्या सभा झाल्या, वडिलांना कोणी काही विचारलं नाही. चाळीस वर्षं त्या आवाराची कुलपं त्यांनी उघडली होती. अखेर नव्या मुख्याध्यापिका बाई आल्या आणि म्हणाल्या, "मामा, चला, मला शाळा दाखवा." दोन तास फिरले दोघं. पाणी कुठे तुंबतं, कोणत्या दाराची कडी मुलांच्या बोटावर येते, पाचवीची मुलं कोणत्या कोपऱ्यावर आपटतात, सगळं वडिलांनी दाखवलं. तास कार्यालयाबाहेर टांगायचा ठरला होता. वडील म्हणाले, तिथून तिसऱ्या मजल्यावर जाणार नाही, जिन्याच्या तोंडाशी टांगा, पोकळीतून आवाज वर चढतो. तसंच केलं. आता विजेची घंटा आहे, पण भरताना आणि सुटताना तासच वाजतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मामांबद्दल वाचून थांबलेच. आमच्याकडेही एक मामा आहेत, तीस वर्षं झाली त्यांना, आणि आमच्या समितीच्या यादीत त्यांचं नाव नाही. या शनिवारी सकाळची शाळा आहे. ती सुटली की त्यांना घेऊन फिरणार आहे, वही आणि मापाची फीत बरोबर नेते. मैदानापासून सुरुवात करू.